टी गटातला शेअर

खारदांड्यात जून आणि जुलै हे दोन महिने होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. जाळी विणून होतात, इंजिनं खोलून साफ होतात, आणि हल्ली सकाळी सव्वानऊ वाजले की ओट्या-ओट्यावर मोबाइलमधले हिरवे-लाल आकडे हलू लागतात. पूर्वी हा रिकामा वेळ पत्त्यांत जायचा. आता बाजारात जातो, आणि बाजार पत्त्यांपेक्षा महाग पडतो, असं पत्ते खेळणारी पिढी म्हणते.

यंदा या मोसमात दांड्यातल्या एका घरात एकाच शेअरवरून तीन मतं झाली. नावं छापू नका, असं त्यांनी सांगितलंय. शेअर पंपांचे सुटे भाग करणाऱ्या एका छोट्या कंपनीचा. तिघेही जे अ‍ॅप पाहतात त्यात प्रत्येक शेअरपुढे तीन अक्षरं असतात: स्वस्ताई, वाढ आणि वेग यांचे गुण. या शेअरला स्वस्ताईत ‘सी’, वाढीत ‘ए’, वेगात ‘ए’. भाचा चोवीस वर्षांचा, सकाळी घेऊन दुपारी विकणारा. त्याचे दाजी सहकारी बँकेत आहेत, ते महिना-दोन महिने शेअर ठेवतात. आत्या मासळीबाजारात बसते. दाजींच्याच सांगण्यावरून तिनं हे शेअर दोन वर्षांपूर्वी घेतले होते आणि विसरून गेली होती.

मग एक दिवस एक्स्चेंजनं तो शेअर ‘टी’ गटात टाकला. भाच्याची ऑर्डर ब्रोकरच्या यंत्रानं परत केली, कारण टी गटात घेतलं की शेअर खात्यात जमा करून घ्यावाच लागतो. त्याच दिवशी विकून सौदा फिटवता येत नाही. दाजींना बाहेर पडायचं होतं, पण किमतीची मर्यादा पाच टक्क्यांवर आली आणि तीन दिवस लागोपाठ खालचं सर्किट लागलं. विकणाऱ्यांची रांग, घेणारा कुणी नाही. आत्याला भाच्यानं बातमी सांगितली तेव्हा तिनं विचारलं, “लाभांश बंद होणार काय?”

“लाभांशाचा याच्याशी काय संबंध, आत्या?”

“मग मला कशाला सांगतोस?”

अ‍ॅपमधली तीन अक्षरं त्या आठवडाभर जशीच्या तशी होती. वाढ ए, वेग ए.

शेअरबाजारात दोन जातींची अक्षरं आहेत आणि लोक ती एकाच वहीत लिहितात. एक जात सांगते की या शेअरचं पुढे काय होईल, किंवा निदान तसं सुचवते. दुसरी जात फक्त एवढंच सांगते की या शेअरचं तुम्हाला काय करता येईल आणि काय येणार नाही. पहिलीला जाहिरात असते, रंग असतात, मासिक वर्गणी असते. दुसरी एक्स्चेंजच्या परिपत्रकात रुक्षपणे पडलेली असते. माझ्या मते सामान्य माणसाच्या कामाची दुसरीच आहे, आणि तीच कुणी वाचत नाही.

दुसऱ्या जातीचा उगम दलाल स्ट्रीटवरचा. मुंबई शेअरबाजार १८७५चा, पण ज्यांच्याविषयी बोलतोय ती अक्षरं बदल्याच्या काळातली. बदला म्हणजे सौदा पुढच्या खेपेला ढकलायची सोय: शेअर घेतला, पैसे नाहीत, तर व्याज भरून सौदा पुढे न्यायचा. ही सोय सगळ्या शेअरना नव्हती. ज्यांच्यात भरपूर उलाढाल होते अशा निवडक कंपन्यांची यादी होती. ती ‘ए’ गट. उरलेले ‘बी’, आणि त्यातही पुढे बी-१, बी-२. म्हणजे ‘ए’ या अक्षराचा मूळ अर्थ ‘उत्तम कंपनी’ असा नव्हताच. ‘इथे उधारीवर खेळता येईल’ एवढाच होता. पण शाळेतून बाहेर पडलेल्या कुठल्याही माणसाला ए म्हटल्यावर पहिला वर्ग आठवतो. त्या काळी वर्तमानपत्रातल्या भावांच्या पानावर ए गट वर आणि बी-२ तळाला, बारीक टाइपात छापलेला असायचा. त्यातून ग्राहकांच्या मनात एक उतरंड तयार झाली, ती आजतागायत टिकून आहे.

जुलै १९९९मध्ये ‘झेड’ आला. ज्या कंपन्या नोंदणीचे नियम पाळत नाहीत, निकाल वेळेवर कळवत नाहीत, भागधारकांच्या तक्रारी सोडवत नाहीत, त्यांना हे अक्षर. २ जुलै २००१ला बदला बंद झाला. ए गटाचा जन्म ज्या कारणासाठी झाला ते कारणच गेलं, तरी अक्षर राहिलं. आता त्यात बाजारमूल्य, उलाढाल आणि नियमपालन यांवर निवड होते. २००८मध्ये बी-१ आणि बी-२ एकत्र करून नुसता ‘बी’ केला. ‘टी’ म्हणजे प्रत्येक सौदा स्वतंत्रपणे, शेअर देऊन-घेऊन पुरा करायचा. फक्त मुंबई शेअरबाजारातच नोंदलेले शेअर ‘एक्स’मध्ये, छोट्या-मध्यम उद्योगांच्या मंचावरचे ‘एम’मध्ये. राष्ट्रीय शेअरबाजारात हीच गोष्ट वेगळ्या खुणांनी दिसते: साधा शेअर ‘ईक्यू’, टी-सारखा ‘बीई’, झेड-सारखा ‘बीझेड’.

२०१७च्या फेब्रुवारीत सेबी आणि शेअरबाजारांनी ‘जीएसएम’ ही पायऱ्यांची देखरेख सुरू केली. ज्यांची किंमत कंपनीच्या प्रकृतीशी फटकून वर गेली आहे असे शेअर त्यात पायरीपायरीनं आवळले जातात. वर्षभरानं ‘एएसएम’ आली. त्यात गेलेल्या शेअरला बरेचदा शंभर टक्के मार्जिन लागतं, म्हणजे ब्रोकरच्या पैशावर खेळ बंद. खारहून एका रेल्वेरुळापलीकडे, वांद्रे-कुर्ला संकुलात, सेबी आणि राष्ट्रीय शेअरबाजार यांच्या इमारती आहेत. या याद्या तिथून निघतात आणि एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. दांड्यातल्या तीन-चार तरुणांना मी विचारलं. ते दिवसाला दहा सौदे करतात आणि त्यांनी ही यादी कधी उघडलेली नव्हती. एकानं तर माझ्याच मोबाइलवर ती उघडून आपले दोन शेअर त्यात शोधून काढले.

ही बंधनाची अक्षरं चुकत नाहीत असं मात्र कुणी समजू नये. ७ ऑगस्ट २०१७ला सेबीनं ३३१ कंपन्यांची यादी एक्स्चेंजना पाठवली: बनावट असल्याचा संशय. त्या थेट जीएसएमच्या वरच्या पायरीवर गेल्या, व्यवहार महिन्यातून एकदाच. त्या यादीत जे कुमार इन्फ्राप्रोजेक्ट्स आणि प्रकाश इंडस्ट्रीज यांसारख्या प्रत्यक्ष कामं करणाऱ्या कंपन्याही होत्या. रोखे अपील न्यायाधिकरणानं काही दिवसांतच त्या दोघींपुरती स्थगिती दिली. तोवर भागधारकांची झोप उडायची ती उडाली.

आता पहिली जात. भाकिताची अक्षरं शेअरच्या आधी कर्जाला लागली. जॉन मूडी यांनी १९०९मध्ये अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांच्या रोख्यांना अक्षरं दिली. कर्जात प्रश्न सरळ असतो: पैसे वेळेवर परत येतील का? शेअरच्या बाबतीत तेवढा सरळ प्रश्नच नाही. तरीही स्टँडर्ड अँड पुअर्सनं १९५६पासून शेअरना मिळकत आणि लाभांश यांच्या सातत्यावर ए-प्लसपासून डी-पर्यंत श्रेण्या दिल्या. व्हॅल्यू लाइननं १९६५मध्ये एक ते पाच असे क्रम सुरू केले, आणि पुढे फिशर ब्लॅक या अर्थतज्ज्ञानं १९७३मध्ये तपासून त्या क्रमांत काहीतरी दम आहे असा निष्कर्ष काढला. तोपर्यंत विद्यापीठांत ‘बाजाराला कुणीही हरवू शकत नाही’ हेच शिकवलं जात होतं, त्यामुळे खळबळ उडाली. विल्यम ओ’नील यांच्या पद्धतीत मोठे खरेदीदार शेअर जमवताहेत की काढताहेत याला ए ते ई अशी अक्षरं मिळाली. झॅक्सनं एका शेअरचे तीन निकाल लावले: व्हॅल्यू, ग्रोथ, मोमेंटम, प्रत्येकाला ए ते एफ. आपल्याकडची हल्लीची अ‍ॅपं याच वाटेवरची. ट्रेंडलाइन टिकाऊपणा, किंमत आणि वेग असे तीन आकडे देतं, इतरांचे रंग आणि नावं वेगळी.

एकाच शेअरचे तीन निकाल ही कल्पना मला पटते. दांड्याला वेगळं सांगायला नको. जाळ्यातून आलेला बोंबील एकच, पण ओला विकायचा तर तासाभरात विकला पाहिजे, सुकवायचा तर काठ्यांवर दोऱ्या ताणून ऊन बघायचं, आणि दोन्हीला चांगला बोंबील कोणता ते निवडण्याची नजर वेगवेगळी. सकाळी घेऊन दुपारी विकणाऱ्याला कंपनीच्या कर्जाशी देणंघेणं नाही. त्याला हवी उलाढाल आणि हालचाल. आत्याला उलाढाल नको, तिला दहा वर्षांनी कंपनी जागेवर असायला हवी. घोळ सुरू होतो तो अ‍ॅप या तिन्ही अक्षरांची बेरीज करून वर एक मोठं अक्षर ठोकतं तेव्हा. मग भाचा आत्याच्या परीक्षेतले गुण घेऊन स्वतःच्या परीक्षेला बसतो.

अक्षर बनतं कसं हे एकदा पाहून घ्यावं. बहुतेक ठिकाणी सगळे शेअर रांगेत उभे करतात आणि वरच्या ठरावीक टक्क्यांना ए देतात. म्हणजे ए हा इतरांच्या तुलनेतला असतो. सगळा बाजार महाग झाला तरी स्वस्ताईच्या रकान्यात ए मिळवणारे निघतातच. ते इतरांपेक्षा कमी महाग असतात, स्वस्त असतीलच असं नाही. दहावीचा पेपर अवघड गेला तरी बोर्डात पहिला कुणीतरी येतोच.

स्वस्ताईच्या अक्षराचा दुसरा सापळा टाटा स्टीलच्या उदाहरणावरून चांगला दिसतो. २०२१-२२मध्ये कंपनीचा एकत्रित नफा ४१ हजार ७०० कोटींच्या पुढे होता. पोलादाचे भाव जगभर चढलेले. शेअरची किंमत प्रतिशेअर नफ्याच्या चारपटीच्या आसपास. कुठल्याही यंत्राला हा शेअर कमालीचा स्वस्त दिसणार. पुढच्या वर्षी नफा आठ हजार कोटींच्या घरात आला, त्याच्या पुढच्या वर्षी तोटा. पोलाद, साखर, सिमेंट, जहाजं यांसारख्या चढउताराच्या धंद्यांत शेअर स्वस्त दिसतो तो बरेचदा नफा शिखरावर असतो तेव्हाच, आणि नफा तळाला गेला की तोच शेअर महाग दिसू लागतो. जुने गुंतवणूकदार असे शेअर उलटे वाचतात. यंत्र सरळ वाचतं, कारण त्याला भागाकार येतो, पोलादाचा धंदा येत नाही.

वेगाच्या अक्षराची गत वेगळी. ते गेल्या सहा-बारा महिन्यांत काय चढलं ते मोजतं. यात तथ्य नाही असं नाही. राष्ट्रीय शेअरबाजारानं २०२०मध्ये ‘निफ्टी २०० मोमेंटम ३०’ हा निर्देशांकच काढला, सहा आणि बारा महिन्यांच्या चढाला अस्थिरतेनं भागून निवडलेले तीस शेअर, दर जून आणि डिसेंबरमध्ये बदल. चढत्या बाजारात तो झपाट्यानं गेला. सप्टेंबर २०२४नंतर बाजार उतरला तेव्हा तो मूळ निफ्टीपेक्षा कितीतरी जास्त उतरला. वेगाच्या शेअरला ए मिळतो तो चढ झाल्यावर, आणि काढून घेतला जातो तो पडल्यावर. मधला काळ घेणाऱ्याच्या खिशातून जातो. पंपाच्या शेअरचं तेच झालं होतं. ज्या चढामुळे अ‍ॅपनं त्याला ए दिला, त्याच चढामुळे एक्स्चेंजची भुवई उंचावली. एकाच कारणानं एका यंत्रानं शाबासकी दिली आणि दुसऱ्यानं टी गटात टाकलं. दाजी हे ऐकून बराच वेळ हसले. त्यांचे पैसे अजून अडकलेलेच होते.

किंमत न बघता दिलेल्या श्रेणीचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याकडे सरकारी मान्यतेनं घडलं. १ मे २००७पासून सेबीनं नव्या शेअरविक्रीला एक ते पाच अशी श्रेणी सक्तीची केली. श्रेणी फक्त कंपनीच्या मूलभूत ताकदीची, मागितलेली किंमत योग्य आहे का यावर चकार शब्द नाही. जानेवारी २००८मध्ये रिलायन्स पॉवरची विक्री आली. श्रेणी पाचापैकी चार, दर ४५० रुपये. सत्तरपटीहून अधिक मागणी झाली. विरार ते चर्चगेट लोकलमध्ये दुसरा विषय नव्हता. ज्यांनी आयुष्यात डिमॅट खातं उघडलं नव्हतं त्यांनी त्या महिन्यात उघडलं. ११ फेब्रुवारीला नोंदणीच्या दिवशीच शेअर पावणेचारशेच्या खाली बंद झाला. श्रेणी देणाऱ्यांना दोष देता आला नाही, त्यांनी किमतीचं काही म्हटलंच नव्हतं. लोकांनी चार हा आकडा ‘घ्या’ असा वाचला. २०१४मध्ये ही सक्ती उठली.

चांगली अक्षरं असलेल्या घरांची पडझड तर मुंबईनं जवळून पाहिली आहे. सत्यम ए गटात होती, सेन्सेक्समध्ये होती, सप्टेंबर २००८मध्ये कंपनीच्या सुशासनाचा ‘गोल्डन पीकॉक’ सन्मानही मिळाला होता. ७ जानेवारी २००९ला कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचं हिशेब फुगवल्याची कबुली देणारं पत्र आलं आणि एका दिवसात शेअर १७९ रुपयांच्या आसपासून ४० रुपयांवर आला. आयएल अँड एफएसला ऑगस्ट २०१८पर्यंत ‘ट्रिपल ए’ होता, सप्टेंबरात ‘डी’. म्हणजे पहिल्या पायरीवरून एकदम तळमजला, मधल्या पायऱ्यांवर धड पायही टेकला नाही. ट्रिपल ए म्हणून ज्या म्युच्युअल फंडांनी तिचे रोखे घेतले, त्यांच्या सर्वांत सुरक्षित समजल्या जाणाऱ्या योजनांतही खड्डे पडले. श्रेणीचे पैसे जिला श्रेणी हवी ती कंपनीच देते, ही गोष्ट तेव्हा पुन्हा चर्चेला आली आणि नेहमीप्रमाणे पुन्हा मागे पडली.

या सगळ्यात भाच्याचा प्रश्न वेगळाच होता. त्याला अक्षर चुकीचं असण्याची भीती नव्हती, कुठलं अ‍ॅप बरोबर ते हवं होतं. त्याच्या वयाच्या मुलांचे आकडे सेबीनं जुलै २०२४मध्ये काढले. २०२२-२३मध्ये रोखीच्या बाजारात दिवसाच्या दिवशी सौदे फिटवणाऱ्या व्यक्तींपैकी दहांतले सात तोट्यात होते. तिशीच्या आतल्यांत हे प्रमाण ७६ टक्के. वर्षाला पाचशेहून जास्त सौदे करणाऱ्यांत ८० टक्के. जितके सौदे जास्त तितके हरणारे जास्त. वायदे आणि ऑप्शनचं चित्र त्याहून वाईट: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांनी मिळून १ लाख ८० हजार कोटींहून अधिक गमावले. हे सगळे लोक अक्षरं न बघता खेळत होते असं थोडंच आहे. उलट इतकी अक्षरं, बाण, रंग आणि इशारे हाताशी असलेली पिढी याआधी झाली नाही. पण दलाली, कर आणि खरेदी-विक्रीतला फरक हे तीन खर्च दर सौद्याला पडतात आणि कुठल्याच अ‍ॅपमध्ये त्यांना अक्षर नाही. २३ जुलै २०२४पासून वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के कर आहे, वर्षानंतर साडेबारा, तोही सव्वा लाखाच्या नफ्यापुढे. नुसत्या या फरकानं भाचा आणि आत्या यांच्यासाठी एकाच शेअरची किंमत वेगळी ठरते. दिवसाच्या दिवशीचा नफा तर सट्ट्याच्या धंद्याचं उत्पन्न म्हणून मोजला जातो. भाच्यानं हे पहिल्यांदाच ऐकलं, दाजींनी मान खाली घातली.

मग अक्षरं बघायचीच नाहीत का? बघावीत, पण उलट्या क्रमानं, असं मला वाटतं. आधी गट आणि देखरेखीची यादी: हा शेअर मला हवा तेव्हा विकता येईल का, उधारीवर घेता येईल का, मर्यादा किती टक्क्यांची. ते पाहिल्यावर बऱ्याच शेअरबाबत पुढची अक्षरं पाहायची गरजच उरत नाही. दिवसाचा खेळ खेळणाऱ्याला टी म्हणजे दार बंद. काही आठवडे ठेवणाऱ्याला टी म्हणजे दार आहे, पण आत जाण्याआधी बाहेर यायची वाट पाहून ठेवायची. आत्यासारख्याला टीनं फारसं बिघडत नाही. तिनं झेड बघावा, कारण जी कंपनी निकालच वेळेवर कळवत नाही तिच्या लाभांशाचा भरवसा काय धरणार? दाजींनी आपल्या वहीत हा रकाना आता सगळ्यात डावीकडे आखला आहे. भाच्याला तो पटलेला नाही. त्याच्या मते चांगला शेअर नेहमीच विकता येतो.

त्याला मी एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सची गोष्ट सांगितली. मुंबईतली ही छोटी कंपनी, तिच्याकडे एशियन पेंट्सचे शेअर. जून २०२४मध्ये तिच्या शेअरचा भाव कागदोपत्री ३ रुपये ५३ पैसे होता, आणि प्रतिशेअर पुस्तकी मूल्य पाच लाखांहून अधिक. कुठल्याही यंत्रानं भागाकार केला असता तर स्वस्ताईत ए-च्या पुढे आणखी अक्षरं शोधावी लागली असती. पण सौदेच होत नव्हते. साडेतीन रुपयांना शेअर विकेल असा वेडा भागधारक नव्हता, आणि सर्किटच्या नियमामुळे भाव टक्क्या-टक्क्यानंच वर सरकू शकत होता. अशा गुंतवणूक कंपन्यांसाठी सेबीनं मर्यादेविना खास लिलावाची परवानगी दिली. २९ ऑक्टोबर २०२४ला, लक्ष्मीपूजनाच्या तीन दिवस आधी, तो लिलाव झाला आणि दिवसअखेर शेअरचा भाव २ लाख ३६ हजार २५० रुपयांवर होता. एका दिवसात देशातला सर्वांत महाग शेअर.

भाच्यानं लगेच मोबाइल काढून विचारलं, आदल्या दिवशी घेतला असता तर? घेतला असता, पण विकत कोण होतं?